जेवायला पलीकडच्या देशात

बाझलमध्ये संध्याकाळी ‘आज बाहेर जेवू या’ असं ठरलं, की लगेच पुढचा प्रश्न येतो: इथेच, जर्मनीत, की फ्रान्समध्ये? विचारणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पश्चिमेकडे वाहत आलेली ऱ्हाईन नदी जिथे उत्तरेकडे वळण घेते, त्या वळणावर हे स्विस शहर वसलं आहे आणि तीन देशांच्या सीमा तिथे नदीच्या पात्रातच एकमेकींना भेटतात. डिसेंबर २०१४ पासून शहराची आठ नंबरची ट्राम जर्मनीतल्या वाईल आम ऱ्हाईन या गावापर्यंत जाते. डिसेंबर २०१७ पासून तीन नंबरची ट्राम फ्रान्समधल्या सँ-लुईच्या रेल्वे स्टेशनापर्यंत जाते. शहरातल्या शहरात धावणाऱ्या त्याच हिरव्या ट्रामगाड्या. ऑफिसातून घरी निघालेली माणसं, शाळेची दप्तरं आणि जेवायला परदेशी निघालेली कुटुंबं एकाच डब्यात बसलेली असतात.

युरोपच्या सहलीवर जाणाऱ्या मराठी माणसाला ही गंमत ऐकून माहीत असते. औषधनिर्मितीच्या मोठ्या कंपन्यांमुळे बाझलमध्ये कामानिमित्त राहणारी भारतीय, त्यात मराठी, कुटुंबंही आहेत, आणि घरी आलेल्या पाहुण्याला ती हमखास पलीकडे जेवायला नेतात. पण पाहुणा फोटो काढून परत येतो आणि या जेवणामागचं अर्थकारण, इतिहास आणि कायदा तसाच राहून जातो. सीमा म्हणजे नेमकं काय, ती कशाला अडवते आणि कशाला अडवत नाही, हे समजून घ्यायला संध्याकाळच्या जेवणाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सुरुवात कायद्यापासून करू. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी आपसातली सीमेवरची तपासणी हळूहळू बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रत्यक्षात तपासणी थांबायला मार्च १९९५ उजाडला. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत आला तो डिसेंबर २००८ मध्ये. मात्र हा देश युरोपीय संघाचा सदस्य नाही आणि संघाच्या जकात-व्यवस्थेतही नाही. त्यामुळे बाझलच्या सीमेवर माणसासाठी एक नियम आहे आणि मालासाठी दुसरा. माणूस न थांबता जातो. त्याच्या पिशवीची मात्र चौकशी होऊ शकते.

ही चौकशी काय असते, ते पाहण्यासारखं आहे. शनिवारी दुपारी आठ नंबरची ट्राम वाईलहून परत येते तेव्हा डबा खरेदीच्या पिशव्यांनी भरलेला असतो. सीमेनंतरच्या थांब्यावर कधी कधी गणवेशातले जकात अधिकारी आत चढतात आणि शांतपणे विचारतात, मांस किती आहे? स्वित्झर्लंडमध्ये माणशी दिवसाला १ किलो मांस विनाशुल्क नेता येतं. त्यापुढे १० किलोपर्यंत दर किलोमागे १७ फ्रँक भरावे लागतात. लोणी आणि साय मिळून १ किलो, वाइन ५ लिटर. शिवाय एकूण खरेदीची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आणली आहे. त्यापुढे स्विस कर भरायचा. लोकांना हे आकडे तोंडपाठ असतात. पती, पत्नी आणि दोन मुलं म्हणजे ४ किलो मांस, हा हिशेब दुकानातच होतो.

जेवण मात्र या हिशेबातून पूर्ण सुटतं. पलीकडे बसून कुणी कितीही मोठा मांसाचा तुकडा खाल्ला आणि त्यावर वाइनचे चार पेले घेतले, तरी परत येताना जकातीच्या दृष्टीनं त्याच्याजवळ काहीच नसतं. त्याचबरोबर उलट बाजूही आहे. जर्मनीतल्या दुकानातून ५० युरोंहून अधिक किमतीचा माल घेतला, तर स्वित्झर्लंडमध्ये राहणारा माणूस पावतीवर जकातीचा शिक्का मारून जर्मन मूल्यवर्धित कर परत मिळवू शकतो, कारण माल देशाबाहेर गेला. जेवण बाहेर जात नाही. ते जिथे खाल्लं तिथेच संपलं, असं कर-कायदा मानतो, आणि कर त्याच देशाला मिळतो. म्हणजे सीमेपलीकडे जेवणारा माणूस पूर्णपणे पलीकडच्या देशाचा ग्राहक होतो. परतावा नाही, जकात नाही. त्यानं दोन तासांसाठी देश बदललेला असतो.

मग तो बदलतो कशासाठी? पहिलं उत्तर पैशाचं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. बाझलमधलं साधं जेवणसुद्धा महाग पडतं. यामागे कर असावा असं बाहेरच्या माणसाला वाटतं, पण स्विस कर युरोपातल्या सर्वांत कमी करांपैकी आहे: हॉटेलात बसून खाल्लेल्या जेवणावर ८.१ टक्के. फ्रान्समध्ये तो १० टक्के आहे. जर्मनीनं कोरोनाच्या काळात हॉटेलातल्या जेवणावरचा कर घटवला, २०२४ च्या सुरुवातीला तो पुन्हा १९ टक्क्यांवर नेला आणि जानेवारी २०२६ पासून परत ७ टक्के केला. पण १९ टक्क्यांच्या त्या दोन वर्षांतही जर्मन बाजूच्या जेवणाचं बिल स्विस बिलापेक्षा हलकंच राहिलं. याचा अर्थ महागाईचं मूळ दुसरीकडे आहे.

ते आहे पगारात, जागेच्या भाड्यात आणि मांसाच्या किमतीत. स्वित्झर्लंडच्या हॉटेल-व्यवसायाला देशभर लागू असणारा सामूहिक वेतनकरार आहे. त्याप्रमाणे कसलंही शिक्षण नसलेल्या पूर्णवेळ कामगाराला महिन्याला साडेतीन हजार फ्रँकहून अधिक पगार द्यावा लागतो. जर्मनीत २०२५ साली किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, म्हणजे महिन्याचे सव्वादोन हजार युरोंच्या आसपास. ताटावरच्या किमतीचा मोठा हिस्सा ते ताट आणणाऱ्याच्या, रांधणाऱ्याच्या आणि धुणाऱ्याच्या पगाराचा असतो, म्हणून हा फरक थेट बिलात उतरतो. मांसाचं कारण वेगळं आहे. आपल्या डोंगराळ देशातली शेती टिकावी म्हणून स्वित्झर्लंड आयात मांसावर जबर शुल्क लावतो. त्यामुळे तिथलं मांस युरोपात सर्वांत महाग आहे. माणशी १ किलोची मर्यादा याच धोरणाचं दुसरं टोक आहे.

या सगळ्यावर चलनाचा भार पडतो. स्विस मध्यवर्ती बँकेनं सप्टेंबर २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक हा दर धरून ठेवला होता. १५ जानेवारी २०१५ रोजी सकाळी बँकेनं तो अचानक सोडून दिला आणि काही तासांत युरो आणि फ्रँक जवळपास एका पातळीवर आले. फ्रँकमध्ये पगार घेणाऱ्याच्या दृष्टीनं पलीकडचा अख्खा देश एका सकाळीत स्वस्त झाला होता. बाझलमधल्या हॉटेलवाल्यांसाठी तो घाव होता, आणि तो अजून भरलेला नाही. आता एका युरोला पुरता एक फ्रँकही द्यावा लागत नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या फरकामुळे संध्याकाळी जेवणारे बाहेर जातात, त्याच फरकामुळे सकाळी रांधणारे आत येतात. स्वित्झर्लंडमध्ये आज सुमारे ४ लाख माणसं पलीकडच्या देशात राहून इकडे नोकरी करतात. बाझलच्या प्रयोगशाळांत, इस्पितळांत आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत फ्रान्सच्या अल्सासमधली आणि जर्मनीच्या बाडेन भागातली माणसं काम करतात. पूर्वी त्यांना रोज रात्री आपल्या देशात परतणं बंधनकारक होतं. युरोपीय संघाशी केलेला मुक्त ये-जा करार २००२ मध्ये लागू झाल्यापासून आठवड्यातून एकदा परतलं तरी चालतं. सँ-लुईतल्या एखाद्या हॉटेलात रात्री शेजारच्या टेबलावर बसलेला फ्रेंच माणूस दिवसभर बाझलमध्ये नोकरी करून आलेला असू शकतो, आणि या टेबलावरचा स्विस माणूस त्याच्या गावात जेवायला आलेला. दोघांच्याही खिशातले पैसे एकाच शहरात कमावलेले.

पण निव्वळ स्वस्ताईवर ही चाल इतकी वर्षं टिकली नसती. स्वस्ताईचा हिशेब न बसताही माणसं सीमा ओलांडतात. जर्मनीतल्या केलहून ऱ्हाईन ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला एप्रिल २०१७ पासून ट्राम जाते. तिथले फ्रेंच लोक तंबाखू आणि साबण-शांपू घ्यायला जर्मनीत जातात, कारण त्या वस्तू तिथे स्वस्त. जर्मन लोक मात्र जेवायला फ्रान्समध्ये येतात, आणि फ्रान्सचं जेवण स्वस्त असतं असं कुणी म्हणणार नाही. त्यांना अल्सासचं स्वयंपाकघर हवं असतं.

त्या स्वयंपाकघरातला एक पदार्थ जवळून पाहू. जर्मन त्याला फ्लामकुखन म्हणतात आणि फ्रेंच तार्त फ्लांबे. भाकरीहून पातळ लाटलेली गव्हाच्या पिठाची पोळी, तिच्यावर आंबूस साय आणि ताज्या चीजचा थर, त्यावर कच्च्या कांद्याच्या बारीक चकत्या आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे. लाकडाच्या भट्टीत ती दोन-तीन मिनिटंच राहते. कडा काळपट होतात, कांद्याची टोकं करपतात आणि मध्यभाग ओलसर राहतो. लाकडी फळीवर ती येते. सगळ्यांनी मिळून एकीचे तुकडे संपवायचे, मग दुसरी मागवायची. दोन-तीन एकदम मागवल्या तर दुसरी गार होते आणि चिवट लागते, म्हणून जाणकार तसं करत नाहीत. मुळात हा शेतकऱ्यांच्या घरचा पदार्थ. पाव भाजायच्या दिवशी भट्टी किती तापली ते बघायला आधी ही पातळ पोळी आत सरकवायची. आजही अनेक अल्सेशियन हॉटेलांत ती फक्त संध्याकाळी मिळते, कारण भट्टी पेटवली जाते तीच मुळी संध्याकाळी. दुपारी जाऊन मागितली तर नकार येतो. शाकाहारी माणसानं मांस वगळून मागावी. बहुतेक ठिकाणी आनंदानं करून देतात, काही ठिकाणी मश्रूम किंवा चीज वाढवतात.

बाझलच्या पश्चिमेला लागूनच अल्सासचा सुंडगाऊ हा भाग लागतो. तिथे शेकडो तळी आहेत. मध्ययुगात मठांतल्या साधूंनी उपवासाच्या दिवसांसाठी त्यांत कार्प मासा पाळायला सुरुवात केली. आज त्या माशाच्या तुकड्या रव्यात घोळवून, दोनदा तळून, बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या आणि सॅलडबरोबर वाढतात. रव्यात घोळवलेला तळलेला मासा म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला आणखी काही सांगायला नको. काटे भरपूर असतात आणि हातानं खाल्लेलं चालतं. या भागात तळलेल्या कार्पच्या नावानं पर्यटकांसाठी एक रस्ताच आखून दिला आहे, आणि त्या रस्त्यावरच्या हॉटेलांबाहेर बाझलच्या नंबरपाट्यांच्या गाड्या उभ्या असतात.

एप्रिल ते जून हे दिवस शतावरीचे. आपल्या आयुर्वेदातल्या शतावरीची ही भावकी. मातीचे उंच वरंबे करून कोंब उन्हापासून झाकून ठेवतात, म्हणून ते पांढरे राहतात. ऱ्हाईनच्या दोन्ही काठांवर तीच वालुकामय जमीन आहे आणि तेच पीक. जर्मन बाजूला ती शतावरी वितळलेल्या लोण्याबरोबर, नव्या बटाट्यांबरोबर किंवा तव्यातच फाडून घेतलेल्या जाड धिरड्याच्या तुकड्यांबरोबर येते. फ्रेंच बाजूला, बाझलपासून जवळच असलेल्या व्हिलाज-नफ गावात, ती हॅमबरोबर आणि तीन निरनिराळ्या सॉसेसबरोबर येते. २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, हंगाम संपतो. त्यानंतर कोंब कापत नाहीत, कारण झाडाला पुढच्या वर्षासाठी बळ धरू द्यायचं असतं. दोन्ही बाजूंना हा नियम पाळतात आणि तो कुठल्याच सरकारनं केलेला नाही.

पदार्थांचं हे साम्य योगायोगाचं नाही. बाझलची बोली, अल्सासची बोली आणि समोरच्या बाडेनची बोली एकाच आलेमानिक कुळातल्या आहेत. तिन्हीकडच्या जुन्या माणसांना एकमेकांचं बोलणं कळतं. अल्सासमध्ये मात्र ही बोली तरुणांच्या तोंडून हरवत चालली आहे, याचं मनापासून वाईट वाटतं. द्राक्षाची एकच जात जर्मनीत गुटएडेल या नावानं आणि स्वित्झर्लंडमध्ये व अल्सासमध्ये शास्ला या नावानं पिकते. सीमा या एकसंध मुलखावर नंतर आली, आणि तीही एका जागी राहिली नाही. अल्सास १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांनी घेतला आणि युद्धाच्या शेवटी पुन्हा फ्रान्सचा झाला. दीर्घायुषी माणसाच्या एका जन्मात चार वेळा देश बदलला. घर तेच, भट्टी तीच.

याची एक चालतीबोलती खूण म्हणजे बाझलची दहा नंबरची पिवळी ट्राम. ती स्वित्झर्लंडमध्ये सुटते आणि स्वित्झर्लंडमधल्याच रोडर्सडोर्फ गावात थांबते, पण वाटेत लेमेन नावाच्या फ्रेंच गावातून जाते. १९१० मध्ये हा फाटा टाकला तेव्हा लेमेन जर्मन साम्राज्यात होतं. गावाचा देश बदलला, रूळ तिथेच राहिले. आज माणसं लेमेनच्या थांब्यावर जेवायला उतरतात. ट्रामनं परदेशी जेवायला जायचं असेल आणि शहराचा गजबजाट नको असेल, तर माझ्या मते हा मार्ग सर्वांत सुंदर आहे.

दुसरी खूण ह्युनँगची. बाझलच्या उत्तरेला ऱ्हाईनच्या डाव्या काठावर हे छोटं फ्रेंच गाव आहे. १६७९ पासून चौदाव्या लुईचा अभियंता वोबाँ यानं इथे किल्ला बांधला. त्याच्या तोफांच्या टप्प्यात बाझल होतं आणि शहरावर त्यांची दहशत सव्वाशे वर्षांहून अधिक राहिली. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ च्या पॅरिस तहात हा किल्ला पाडून टाकण्याची अटच घातली गेली. २००७ मध्ये ह्युनँग आणि समोरचं जर्मन वाईल यांच्यामध्ये फक्त पायी आणि सायकलीनं जाणाऱ्यांसाठी एक कमानदार पूल उभा राहिला. लांबी २४८ मीटर, मध्ये एकही खांब नाही. पुलाच्या जर्मन टोकाजवळ मोठं खरेदी केंद्र आहे, फ्रेंच टोकाला जुन्या किल्ल्याच्या जागेवरचं गाव आणि त्यातली हॉटेलं. मधल्या पुलावरून दक्षिणेला स्वित्झर्लंड दिसतो. जर्मनीत खरेदी करून, पिशव्या हातात घेऊन, फ्रान्समध्ये जेवायला जाणारी आणि रात्री तिसऱ्या देशात झोपायला जाणारी माणसं या पुलावर रोज दिसतात.

टेबलावर बसल्यावर मात्र देश बदलल्याचं लगेच जाणवतं, आणि नव्या पाहुण्याची अडचण बहुधा तिथेच होते. फ्रान्समध्ये जेवणाच्या वेळा ठरलेल्या. संध्याकाळी सातच्या आधी मुदपाकखाना उघडत नाही आणि नऊ-साडेनऊनंतर आलेल्याला घेतीलच असं नाही. जर्मन बाजूच्या अनेक हॉटेलांत दुपारपासून रात्रीपर्यंत सलग गरम जेवण मिळतं, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर तिकडे जाणं सोयीचं. दोन्हीकडे आठवड्यातला एखादा दिवस, बहुधा सोमवार, बंद असतो. पाण्याचा नियम तर आपल्या माणसानं लक्षात ठेवावाच. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाच्या पाण्याचा काचेचा जग फुकट मिळतो, तो ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे. जर्मनीत नुसतं पाणी मागितलं तर बाटली येते, बहुधा बुडबुड्यांची, आणि तिचे पैसे लागतात. फ्रान्समध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये सेवेचा मोबदला किमतीतच धरलेला असतो. वर काही ठेवलं तर ती खुशी. जर्मनीत पाच ते दहा टक्के वाढवून देण्याची रीत आहे, आणि पैसे देतानाच पूर्ण आकडा सांगायचा असतो. टेबलावर नाणी टाकून उठणं तिथे बरं दिसत नाही.

बाझलहून आग्नेयेला, आल्प्सच्या पलीकडे, इटली आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवर आणखी एक असंच जोडगाव आहे, आणि तिथली गोष्ट अधिक हळवी आहे. गोरिझिया हे हाब्सबुर्ग काळातलं शहर १९४७ च्या पॅरिस तहानं फाडलं गेलं. शहर इटलीत राहिलं. त्याचं उत्तरेकडचं रेल्वे स्टेशन, १९०६ साली उघडलेलं, युगोस्लाव्हियात गेलं. स्टेशनासमोरच्या चौकातूनच सीमा गेली. पलीकडच्या माळावर मग युगोस्लाव्हियानं नोव्हा गोरित्सा हे नवं शहर वसवलं. शेतं एका देशात आणि घर दुसऱ्यात, बहीण इकडे आणि भाऊ तिकडे, असं झालं.

१३ ऑगस्ट १९५० हा रविवार होता. युगोस्लाव्ह बाजूला हजारो माणसं जमली होती, नातेवाइकांना कुंपणाआडून तरी पाहावं म्हणून. गर्दीचा रेटा वाढला आणि लोक चौकी ओलांडून गोरिझियात शिरले. पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या नाहीत. लोकांनी नातलगांना मिठ्या मारल्या, आणि नंतर दुकानांत जाऊन घरात नसलेल्या वस्तू घेतल्या. त्यात सर्वाधिक खपल्या त्या केरसुण्या, कारण युगोस्लाव्हियात तेव्हा त्या मिळत नव्हत्या. संध्याकाळी माणसं केरसुण्या घेऊन परत गेली. तिथे तो दिवस केरसुण्यांचा रविवार म्हणून अजून सांगतात.

१९५५ च्या उदिने करारानं सीमेलगतच्या रहिवाशांना खास परवाने मिळाले आणि ये-जा हळूहळू वाढली. मग दोन दिशांची रहदारी सुरू झाली. युगोस्लाव्ह लोक कॉफी आणि जीन्स घ्यायला इटलीत येऊ लागले, आणि इटालियन लोक पेट्रोल, मांस आणि रविवारच्या जेवणासाठी पलीकडे जाऊ लागले. त्यांच्या ताटात काय असे? भाजलेल्या मांसाबरोबर एक दाट सूप, योता: राजम्यासारख्या घेवड्याचं, आंबवलेल्या कोबीचं आणि बटाट्याचं. हे सूप इटालियन बाजूलाही घरोघरी होतं. म्हणजे सीमा ओलांडून माणसं पुष्कळदा आपल्याच आजीच्या हातची चव शोधत होती.

जवळच्या कार्स्ट पठारावर आणखी एक प्रथा दोन्ही देशांत चालते. शेतकरी वर्षातले काही दिवस आपल्या अंगणात बाकं मांडतो आणि घरची वाइन, घरचं हॅम, उकडलेली अंडी, चीज आणि पाव विकतो. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योझेफ यानं १७८४ मध्ये शेतकऱ्यांना आपलं उत्पादन असं थेट विकायची मुभा दिली. अंगण उघडं आहे हे कळावं म्हणून वाटेच्या तोंडाशी हिरव्या पानांची डहाळी टांगतात. बाझलसमोरच्या जर्मन द्राक्षमळ्यांतही हंगामी शेतघर-हॉटेलं चालतात आणि तिथेही दारावर डहाळी किंवा झाडू लावायची रीत आहे. मी अशा अंगणांचा कट्टर पक्षपाती आहे. पलीकडे जाऊन जेवायचंच असेल तर पाटीवर चार भाषांत पदार्थांची नावं लिहिलेल्या ठिकाणी बसण्यापेक्षा डहाळी शोधत दोन किलोमीटर चालावं.

स्लोव्हेनिया मे २००४ मध्ये युरोपीय संघात आला तेव्हा स्टेशनासमोरच्या चौकातलं कुंपण निघालं. डिसेंबर २००७ मध्ये तपासणीही संपली. २०२५ साठी नोव्हा गोरित्सा आणि गोरिझिया मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. युरो दोन्हीकडे आहे, आणि पलीकडचं जेवण आता पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही. तरीही संध्याकाळी माणसं जातात.

हे सगळं किती नाजूक आहे ते २०२० च्या मार्चमध्ये दिसलं. महासाथीत सीमा बंद झाल्या. गोरिझियाच्या त्याच चौकात पुन्हा जाळीचं कुंपण उभं राहिलं. स्विस क्रॉयझलिंगन आणि जर्मन कॉन्स्टान्स या एकमेकांना चिकटलेल्या शहरांमध्ये तर जाळीच्या दोन रांगा घातल्या, कारण पहिल्या रांगेतून प्रेमी माणसं एकमेकांचे हात धरत होती. स्विस सीमा १५ जूनला उघडल्या. तोवर लोकांना कळलं होतं की ट्रामनं जेवायला जाणं ही सवय एका आदेशानं थांबवता येते. त्यानंतर इटलीनं ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर आणि जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. फ्रान्समध्ये ती २०१५ च्या पॅरिसमधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर सुरू झाली, ती आजवर वाढवत नेली आहे. बहुतेक संध्याकाळी कुणी अडवत नाही, पण अडवू शकतात. तात्पुरत्या म्हणून आलेल्या या तपासण्या दर सहा महिन्यांनी पुढे ढकलल्या जातात, आणि मला त्याची काळजी वाटते. केरसुण्यांचा रविवार ज्या शहरानं पाहिला, तिथे सांस्कृतिक राजधानीच्या वर्षातही पोलीस उभे होते.

म्हणून भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्यानं पलीकडे जेवायला जाताना पासपोर्ट आणि व्हिसा हॉटेलच्या खोलीत ठेवून जाऊ नये. शेंगेन व्हिसा एका देशानं दिलेला असला तरी सर्व शेंगेन देशांत चालतो, आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी बाझल-फ्रान्स-जर्मनी अशा फेऱ्या नवा प्रवेश धरत नाहीत. मात्र सगळ्याच सीमा अशा नाहीत. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून डोंगरापलीकडच्या बोस्नियातल्या त्रेबिन्ये गावी जेवायला जाण्याची रीत आहे, कारण ते गाव सुंदर आणि बरंच स्वस्त आहे. पण क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि बोस्निया नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन तिकडे गेलेल्या माणसाचा तो प्रवेश संपतो, आणि जेवून आल्यावर दुब्रोव्हनिकमधल्या आपल्या सामानापर्यंतही त्याला परत जाता येत नाही. अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा असेल तर जरूर जावं, आणि चौकीवरच्या रांगेसाठी तासभर हाताशी ठेवावा.

फोनचंही बघून घ्यावं. युरोपीय संघातलं सिमकार्ड संघभर त्याच दरात चालतं, पण स्वित्झर्लंड त्या नियमाबाहेर आहे. बाझलमध्ये फोन कधी जर्मन तर कधी स्विस मनोऱ्याला जोडला जातो आणि टेबल राखून ठेवायला केलेल्या एका कॉलचं बिल जेवणाच्या बिलाशी स्पर्धा करू शकतं. शुक्रवारी आणि शनिवारी, आणि शतावरीच्या दिवसांत रोजच, टेबल आधी राखलेलं बरं. अल्सासच्या गावांत फोनवर इंग्रजी चाललं नाही, तर जर्मन बोलून पाहावं. उचलणारी व्यक्ती वयस्क असेल, तर उत्तर बहुधा त्या जुन्या बोलीतून येईल.